उजव्या पायाची हजेरी

पाया पडायला आलेल्या माणसाला वाकवूनच ठेवणारा मास्तर, असं माझं नाव सध्या अख्ख्या भालकी तालुक्यात घेतलं जातं. चौतीस वर्षं मराठी शाळेत काढली, त्यातली नऊ मुख्याध्यापक म्हणून, आणि निवृत्तीनंतर बीदरला नौबादमध्ये घर बांधून गप्प बसलो होतो. गप्प बसलेल्या माणसाचं नाव खराब व्हायला फार काही लागत नाही. माझ्या बाबतीत एक नस पुरली.

ती नस उजव्या पायाची. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या बेचक्यात चालताना असं टोचायचं, की वाटावं चपलेत खडा गेलाय. मी दर पन्नास पावलांवर थांबून चप्पल झटकायचो. खडा काही निघायचा नाही. वर्षभर झटकली. शेवटी आमच्या मंडळींनी, म्हणजे राजूबाईंनी, मला धरून डॉक्टर बसवेश यांच्याकडे नेलं. त्यांनी बोटं दोन्हीकडून दाबली, मी खुर्चीतून हातभर वर उडालो, आणि ते म्हणाले, "नस सुजून गाठ झालीय सर. इंजेक्शन देऊन बघू. नाहीच थांबलं तर गाठ काढून टाकू. घाई नाही."

घाई नाही हे त्यांचं मत. मला घाई होती. आमची मंजुश्री कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वय एकोणतीस. सात स्थळं तिने नाकारली आणि आठवं स्वतः आणलं. मुलगा माउली, तिच्याच कॉलेजात गणित शिकवतो, घर खटकचिंचोळीचं, जिथे मीही काही वर्षं शिकवलं होतं, वडील व्यंकटराव धान्याचे व्यापारी. ते लोक सव्वा महिन्याने आमच्याकडे यायचे होते. आता तुम्हीच सांगा, व्याही फाटकात उभे आणि मी चप्पल झटकत उभा, हे बरं दिसतं का? इंजेक्शनाने आठ दिवस बरं वाटलं, नवव्या दिवशी खडा परत आला. मी म्हणालो, काढा गाठ.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग संमतीचा फॉर्म आला.

काउंटरवर शैलश्री नावाची मुलगी बसते. तिने पुढे केलेला कागद एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. "मराठीत नाही का?" मी विचारलं. "नाही सर, दोनच आहेत." आता कन्नड मला येतं. बाजारापुरतं येतं, बसपुरतं येतं, भांडणापुरतं तर मराठीपेक्षा बरं येतं. पण शरीराचा एक तुकडा काढून टाकायला परवानगी द्यायची, ती माणसाने आपल्या भाषेत द्यावी असं माझं मत आहे. ते मी शैलश्रीला वीस मिनिटं समजावून सांगितलं. माझ्यामागे सात माणसं उभी होती, त्यातला एक जण तर स्ट्रेचरवर होता. शेवटी ती पोर वैतागून म्हणाली, "मग तुम्हीच करून आणा की सर भाषांतर!"

मुख्याध्यापकाला असं काही म्हणायचं नसतं. मी चार दिवस बसलो. इंग्रजीला मंजुश्री, कन्नडला शेजारचे शरणप्पा. मूळ फॉर्म एक पानाचा, माझं भाषांतर चार पानांचं झालं, कारण मुळात बऱ्याच गोष्टी मोघम होत्या. शस्त्रक्रियेनंतर होऊ शकणाऱ्या गुंतागुंती त्यात अकरा होत्या. रक्तस्राव, जखम चिघळणे, सूज, टाके उसवणे, व्रण दुखणे, बधिरपणा, स्पर्श सहन न होणे, जुनी वेदना परत येणे, पोटरीत रक्ताची गाठ, कापलेल्या नसेच्या टोकाला नवी गाठ आणि भुलीचा त्रास. खाली मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'वरील अकराही गोष्टींची मला पूर्ण व स्पष्ट कल्पना आहे,' आणि तारीख घालून सही ठोकली. शैलश्रीने ते न वाचताच फायलीत टाकलं. चार दिवसांच्या कष्टाचा हा मान!

शरणप्पांविषयी थोडं सांगायला पाहिजे. ते निवृत्त बस कंडक्टर. मनाने सोनं, पण त्यांच्या ओळखीतला कुठलाही पेशंट आजवर बरा झालेला नाही. भाषांतर करताना प्रत्येक गुंतागुंतीला त्यांनी एक माणूस जोडून दिला. "जखम चिघळणं? आमच्या डेपोतला काशप्पा बघा सर. नुसता काटा काढायला गेलता." "मग?" "मग काय, बूट विकून टाकला री." एकच बूट कुणी विकत घेतला, हे मी विचारलं नाही.

ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. मी जागाच होतो, कमरेखाली भूल होती. डॉक्टर म्हणाले, "छान झालं. त्या दोन बोटांना आणि वरच्या जागेला बधिरपणा राहील, तो अपेक्षितच आहे. बाकी पाय महिनाभर उंच ठेवा." मी विचारलं, "बाकीच्या दहा केव्हा येतील?" त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

मी गंमत करत नव्हतो. यादी हातात असताना नुसतं बसून राहणं माझ्या रक्तात नाही. घरी आल्याबरोबर मी कार्डशीट मागवली, आडव्या-उभ्या रेघा मारल्या, डावीकडे अकरा नावं, वर तारखा, आणि हजेरीपट तयार करून खुर्चीमागच्या भिंतीवर लावला. रोज सकाळी चहा झाला की पट्टी घेऊन हजेरी. रक्तस्राव, पहिला दिवस हजर, पुढे नाव कमी. सूज, हजर. चिघळणे, गैरहजर. बधिरपणा, हजर.

"ह्ये काय भिताडाला लावलाव?" राजूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "घरात पोरीचं ठरायलंय, आन तुमी रोगाची यादी लावायलाव?"

"रोग न्हाईत, गुंतागुंती हाईत."

"एकाच घरात दोन दोन गुंतागुंती नको," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत आत गेल्या. दुसरी कोणती ते मला कळलं, पण मी दुर्लक्ष केलं.

मग बघायला येणारे सुरू झाले. आपल्याकडे आजारी माणसाला बघायला जायचं म्हणजे त्याचा आजार स्वतः हाताळून बघायचा, अशी रीत आहे. जो यायचा तो आधी पायाशी जायचा आणि बोट टेकवून विचारायचा, "हितं दाबलं तर कळायलंय का?" दिवसात पंधरावीसदा माझी तपासणी व्हायची. समोरच्या गंगव्वा एरंडेलाची वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुटलेली नस एरंडेलानं परत उगवती." मी म्हणालो, "अक्का, ती उगवू नये म्हणून तर काढली." त्यांनी वाटी तिथेच ठेवली, बहुधा माझं डोकं ठिकाणावर आल्यावर लागेल म्हणून.

चौथ्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी गुरुपादय्या आला. आता तो स्वतः दोन पोरांचा बाप आहे. भक्तिभावाने वाकला आणि दोन्ही हातांनी उजवा पाय टाक्यांसकट घट्ट धरला. मी जी किंकाळी फोडली ती ऐकून गंगव्वांच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. गुरुपादय्या आशीर्वाद न घेताच पळाला. तेव्हा राजूबाई म्हणाल्या, "दारावर पाटी लावा, पाया पडणाऱ्यांनी डाव्या पायाला हात लावावा."

"पायापायांत भेदभाव मी करणार न्हाई," मी म्हणालो. हे मी फार ठामपणे म्हणालो होतो. त्याचा मला पुढे पश्चात्ताप झाला.

टाके निघाले. सूज कमी झाली. हजेरीपटावरची एकेक गुंतागुंत गैरहजर होऊ लागली आणि खरं सांगायचं तर मला थोडं सुनं सुनं वाटू लागलं. बधिरपणा तेवढा इमानी. ती दोन बोटं आणि त्यांच्यावरचा दोन बोटं रुंद पट्टा, तिथे मुंगी चढली काय नि मांजर बसलं काय, मला पत्ता लागायचा नाही.

आणि पाहुणे यायचा तो रविवार उजाडला.

पहिला प्रश्न पायाच्या दिशेचा. डॉक्टरांचा हुकूम पाय उंच ठेवायचा. स्टुलावर उशी, उशीवर पाय. आता असा पाय तुम्ही बैठकीत कुठेही करा, त्याच्या पुढे कुणीतरी येतंच. सोफ्याकडे केला तर व्याह्याच्या तोंडासमोर तळवा. उजवीकडे केला तर देवघर. डावीकडे शरणप्पांनी दिलेलं कॅलेंडर, त्यावर बसवेश्वर महाराज. "सर, आमच्या देवाला पाय दाखवायलाव का?" म्हणून शरणप्पाच रुसले. मंजुश्रीने खुर्ची आठ वेळा फिरवली. शेवटी पाय दाराकडे करायचा ठरला, वरून शाल पांघरायची, ऑपरेशनची दोन बोटं तेवढी बाहेर ठेवायची, कारण डॉक्टरांनी त्यांना हवा लागू द्या म्हणून सांगितलं होतं. डावा पाय खुर्चीखाली मागे.

मंजुश्री त्या दिवशी निळी साडी नेसली होती. ती खुर्ची फिरवताना हळूच म्हणाली, "अप्पा, आज जास्त बोलू नका हं." मी म्हणालो, "मी कधी जास्त बोलतो?" तिने स्टुलावरची उशी सारखी केली. पोर चांगल्या वळणाची आहे.

व्यंकटराव आले. उंच, पांढरीशुभ्र टोपी, धान्याची मूठ बघून भाव ठरवणारी नजर. त्यांच्यामागे माउली चपला काढत होता. आत राजूबाई आणि मंजुश्री फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला बशांत भरत होत्या. शरणप्पा कोपऱ्यात, आमच्या बाजूचे म्हणून. व्यंकटराव सोफ्यावर टेकले आणि सभ्य माणसाने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पायाचं काय म्हनायलेत डाक्टर?"

हे त्यांनी विचारायला नको होतं.

मी खुर्चीतल्या खुर्चीत कमरेपासून वळलो, पट्टी उचलली आणि भिंतीवरच्या हजेरीपटाकडे तोंड करून सुरू झालो. "एक नंबर, रक्तस्राव. पहिल्या दिवशी हजर, नंतर नाव कमी केलं. दोन नंबर, चिघळणे. ह्यानं शाळेचं तोंडच बघितलं न्हाई. तीन नंबर, सूज..." शिकवताना मागे वर्गात काय चाललंय याकडे मी लक्ष देत नाही. ही चौतीस वर्षांची सवय आहे. "सहा नंबर, बधिरपणा. हा पठ्ठ्या एक दिवस चुकला न्हाई." मागे कुणीतरी खाकरलं. मी सातवर गेलो. अकरा नंबरवर शेरा देऊन, विषयाचा समारोप करून वळलो, तर माउली माझ्यासमोर ताठ उभा. चेहरा लालभडक.

"अरे, बसा की," मी म्हणालो. "उभे कामून?"

तो बसला. सुशीलाचे दोन घास झाले. चहा अर्धा राहिला. व्यंकटराव म्हणाले, "येतो मास्तर, वजनकाट्याचा मानूस यायचाय." रविवारी कसला वजनकाटा, हे माझ्या मनात आलं नाही. उलट मी राजूबाईंना म्हणालो, "माणसं कमी बोलणारी हाईत. छान झाली बैठक."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंजुश्री कॉलेजातून आली. पर्स खुंटीला लावली. माझ्यासमोर बसली आणि अगदी शांत आवाजात विचारलं, "अप्पा, तुम्ही माउलीला आशीर्वाद का दिला न्हाईत?"

"पाया पडला कुठं तो?"

"दोन मिनिटं वाकून होता. तुमच्या पायावर हात ठेवून. त्याचे अप्पा म्हणायलेत, ज्या घरात डोक्यावर हात पडत न्हाई त्या घरची पोरगी नको."

मी शरणप्पांना हाक मारली. ते कुंपणावरून डोकावले. "शरणप्पा, तो पोरगा काल माझ्या पाया पडला का?"

"पडला की सर! तुमी तीन नंबरला होताव तवा वाकला, आन नऊ नंबरला उठला."

"मग सांगायचं न्हाई मला?"

"अय्यो, मला वाटलं तुमी परीक्षा घ्यायलाव. एकदा खाकरलो पन मी. पोरगं काय टिकलं सर, मानलं!"

मी भिंतीवरच्या सहा नंबरकडे बघितलं. सांगितलं होतं की मी! त्यांच्याच तोंडावर सांगितलं होतं! पण ऐकत कोण होतं? व्यंकटराव आपल्या वाकलेल्या पोराच्या पाठीकडे बघत होते. मी लगेच फोन लावला. नस, बेचकं, बधिरपणा, सगळं सांगितलं. पलीकडून व्यंकटराव म्हणाले, "मास्तर, फोनवर पाय दिसत न्हाई," आणि ठेवून दिला.

मंजुश्री उत्तरपत्रिका घेऊन बसली. जेवली नाही. राजूबाईंनी दोनदा हाक मारली, तर माझ्याकडे बघून म्हणाली, "अप्पा, सात पोरांना मी नको म्हणले, तुम्ही मला एका शब्दानं बोलला न्हाई. आता ह्या एकाला मी व्हय म्हणले होते." एवढंच. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी ओरडण्याला उत्तर देऊ शकतो. त्या दिवशी मला माझी लाज वाटली. ती मी इथे उघड लिहितोय, कारण मी ती तिच्यासमोर बोलून दाखवली नाही.

सकाळी उठून मी दवाखान्यात गेलो. मला बधिरपणाचा दाखला हवा होता.

"कशासाठी?" शैलश्रीने फॉर्म काढला. त्यावर चौकोन होते. विमा, नोकरी, अपंगत्व, न्यायालय, इतर.

"लग्नासाठी."

"तुमच्या?"

"मुलीच्या!"

तिने 'इतर' वर खूण केली, तर पुढे 'सविस्तर लिहा' आलं. मी सविस्तर लिहू लागलो. मागच्या बाजूला गेलो. पुरवणी मागितली. इतक्यात आतून एक टायवाले साहेब आले. त्यांनी 'बधिरपणा' आणि 'नुकसान' हे दोनच शब्द वाचले आणि त्यांचा चेहरा पडला. "सर, केस करायलाव का आमच्यावर?"

"केस न्हाई हो. माझ्या बोटांना काही कळत न्हाई एवढं लिहून द्या."

"ते कसं लिहून देणार? तुम्हाला कळत न्हाई हे आम्हाला कसं कळणार?"

चौतीस वर्षं मी मुलांना हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारत होतो. डॉक्टर बसवेश हैदराबादला परिषदेला गेलेले, गुरुवारी येणार. साहेबांनी माझी फाईल मागवली, आणि त्यातून माझीच चार पानं काढून माझ्यासमोर नाचवली. "हे बघा. सहावा मुद्दा. पूर्ण व स्पष्ट कल्पना आहे म्हणून तुम्हीच सही केलीय. अक्षरही तुमचंच!"

माझ्या अक्षराने माझा असा घात कधी केला नव्हता. मी उठून निघालो, तर शैलश्री मागून पळत आली. तिच्या हातात त्या चार पानांची झेरॉक्स. "सर, दाखला कशाला पाहिजे? हाच कागद न्या की. तारीख बघा, पाहुणे यायच्या तीन आठवडे आधीची. बधिरपणा येणार हे तुम्ही आधीच लिहिलंय." मी त्या पोरीकडे बघतच राहिलो. तिला मी वीस मिनिटं उभ्याउभ्या शिकवलं होतं ते वाया गेलं नाही, असं मला वाटलं. तिला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि शरणप्पा खटकचिंचोळीला निघालो. डाव्या पायात बूट, उजव्यात राजूबाईंची सैल चप्पल. बगलेत गुंडाळलेला हजेरीपट, खिशात झेरॉक्स. बसमध्ये शरणप्पांनी सवयीने प्रवासी मोजले आणि ड्युटीवरच्या कंडक्टरला सांगितलं की एक माणूस तिकिटाविना बसलाय. ते स्वतःच होते.

व्यंकटराव दुकानात पोत्यांच्या मध्ये बसले होते. माउलीही होता, कॉलेजला सुट्टी घेऊन. त्याने मला बघितलं आणि उठून उभा राहिला, पण पाया पडला नाही. मला ते बरोबर वाटलं आणि लागलंही.

मी झेरॉक्स पुढे केली. व्यंकटरावांनी ती उलटसुलट केली. "कागदावर काय मास्तर, कायबी लिवता येतंय. पोत्यावरबी एक लिवलेलं असतंय, आत दुसरंच निघतंय."

"मग पाय बघा," मी म्हणालो आणि पोत्यावर बसून उजवा पाय पुढे केला.

ज्या माणसाने आयुष्यभर धान्याचं पोतं टोचून आतला माल बघितला, त्याला आणखी सांगावं लागत नाही. त्यांनी पोती शिवायचं दाभण उचललं. "डोळे मिटा," म्हणाले. मी मिटले. शाळा तपासणीच्या वेळीसुद्धा मी इतका स्थिर बसलो नव्हतो.

"कळालं?"

"काय?"

"आता?"

"सुरू करा की."

"तिसऱ्यांदा टोचलोय मास्तर." त्यांच्या आवाजात पहिल्यांदा थोडा ओलावा आला. हमाल जमले. शेजारचे दुकानदार अमृतप्पा आले, म्हणाले, "मी बघू का?" त्यांनीही टोचून बघितलं. शरणप्पा मोजत होते. मग अमृतप्पांचा अंदाज चुकला आणि दाभण दुसऱ्या बोटाला लागलं. ते बोट चांगलं होतं. मी पोत्यावरून उडालो आणि जे बोललो ते मराठी शाळेच्या कुठल्याच इयत्तेला लावता येणार नाही. सगळं दुकान हसलं. व्यंकटराव मात्र हसले नाहीत. "खरं हाय," ते म्हणाले. "जितं कळतंय तितं मानूस वरडतोय. माल खरा हाय."

मी माउलीकडे वळलो. "पोरा, पण तू दोन मिनिटं वाकून कामून राहिलास? आवाज द्यायचा, खांदा हलवायचा."

तो घुटमळला. "सर, तुम्हीच शिकवलं होतं."

"मी?"

"पाचवीत. इथल्या शाळेत. पोरं पायाला बोट लावून पळायची, म्हणून तुम्ही नियम केला होता. डोक्यावर हात पडल्याशिवाय उठायचं न्हाई. मी एकदा आधी उठलो, तर तुम्ही मला तास संपेपर्यंत वाकवून ठेवलं होतं."

मला तो पोरगा आठवत नव्हता. नियम मात्र लख्ख आठवत होता. फार अभिमानाने केला होता मी तो. हजारेक पोरांना मी वाकायला शिकवलं, आणि त्यातलं एक शिकलं. मी म्हणालो, "चुकलं रे माझं. दोन्ही वेळेला." असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो असेन. शरणप्पांनी तर खिशातून रुमाल काढला.

माउली वाकला. मी डोळे वटारून त्याच्या हाताकडे बघत होतो, आणि हात पायाला लागायच्या आधीच मी त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. एवढ्या जोरात, की तो खालीच बसला. व्यंकटराव आत वळून म्हणाले, "चहा टाका रे. सगळा प्यायचाय आज मास्तरांनी."

लग्न वैशाखात झालं. भालकीच्या कार्यालयात पाचशे माणूस माझ्या पाया पडलं असेल. शरणप्पा माझ्या उजव्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते आणि कुणी वाकलं की खड्या आवाजात ओरडत होते, "सर, उजव्याला एक!" मी हात ठेवायचो. "सर, डाव्याला दोन, एक बाई हाय!" एकही माणूस वाकलेला राहिला नाही. व्यंकटराव लांबून बघून मान डोलवत होते.

पाठवणीची वेळ झाली. मंजुश्री राजूबाईंच्या गळ्यात पडून झाली, मग माझ्याकडे आली. मी सवयीने उजवा पाय थोडा पुढे सरकवला आणि तिच्याकडे टक लावून बघत राहिलो, चुकायला नको म्हणून. ती वाकली. पण तिने उजव्या पायाला हात लावला नाही. बाजूला सरकून डाव्या पायावर दोन्ही तळवे ठेवले आणि तसेच ठेवून राहिली.

"कामून गं?" मी म्हणालो. "ह्या पायाला कामून?"

"त्याला काही कळत न्हाई अप्पा," ती खाली बघूनच म्हणाली. "ह्याला कळतंय."

तिचे हात गरम होते, मेंदीचे होते. मला सगळं कळलं. मी हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि उचलायला विसरलो. माझाच नियम, म्हणून तीही उठेना. शेवटी राजूबाईंनी माझा हात धरून बाजूला केला.

गाडी गेली. मी खुर्चीत बसलो आणि डोळे पुसू लागलो. शरणप्पा घाईघाईने जवळ आले. "सर, काय झालं री? पाय दुखायलाय का?"

"व्हय," मी म्हणालो.

"कुठला?"

"डावा."